सुट्टीचा दिवस, दोन वर्षांचं लेकरू आणि मोजके पैसे

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांचा गठ्ठा समोर घेऊन बसले आहे. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आलाय: सार्वजनिक सुट्टी आली की लहानग्याला घेऊन जायचं कुठे, आणि खिशाला झेपेल असं जायचं कसं? मी २८ वर्षं बालवाडीत शिकवलं. आता सव्वादोन वर्षांची नात दिवसभर माझ्याजवळ असते. त्यामुळे या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी जागा याच पत्रांना देते आहे.

प्रश्न: ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगा दोन वर्षांचा आहे. मागच्या सुट्टीला हौसेने मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो. प्रवेशाचं तिकीट, गाडीचं भाडं, आतलं खाणं, सगळं मिळून महिन्याचं गणित कोलमडलं. मुलगा पाळण्यांना घाबरून रडला आणि भर दुपारी बाबांच्या खांद्यावर झोपून गेला. निघताना गाड्या लावायच्या जागेतल्या खड्यांशी मात्र अर्धा तास खेळला. आमचं काय चुकलं? आणि परवडतील अशा जागांची यादी द्याल का?

तुमच्या पत्रातल्या त्या खड्यांपाशी मी थबकले. मुलाला काय हवं होतं ते त्याने तुम्हाला अर्धा तास दाखवलं, फक्त ते दिवस संपताना दाखवलं. तुम्ही हौसेने नेलंत, त्यात चूक कसली? सहल मोठ्यांच्या मापाची होती, एवढंच. मोठ्यांचा सदरा अंगात घातल्यावर मूल जसं त्यात हरवतं, तसं झालं.

या वयाचं मूल मुळात चालायला बाहेर पडतं, पोहोचायला नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या केरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळेपणी खेळताना पावलं मोजली होती. २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही चिमुरडी तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला! तिकिटाच्या रांगेत कडेवर धरलेलं मूल का वळवळतं, ते हा आकडा वाचल्यावर मला नीट कळलं. त्याचं त्या तासाचं काम राहून गेलेलं असतं.

म्हणून मी आधी घड्याळ बघते, जागा मागाहून ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी, आणि दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल हवी, असं त्यात म्हटलंय. आणखी एक सूचना सहलीच्या दिवशी फार उपयोगी पडते: मुलाला बाबागाडीत किंवा आसनाला पट्ट्याने बांधून एका वेळी एक तासाहून जास्त ठेवू नये. दोन तास गाडीत बसवून नेलं, की पोहोचायच्या आधीच दिवसाचा निकाल लागलेला असतो. तुमचा मुलगा दुपारी एक वाजता झोपत असेल तर बारा-सव्वाबाराला घरी परत, असं उलटं मोजा. सकाळी न्याहारी झाली की निघायचं, जायला फार तर अर्धा तास, तिथे दीड-दोन तास. पुरे. दुपारी तो त्याच्या अंथरुणात झोपेल, तुम्हा दोघांनाही सुट्टीची दुपार निवांत मिळेल.

आता पैशांचं. सहलीचा हिशेब लिहून काढा, म्हणजे पैसे तीन वाटांनी जाताना दिसतील. लांबचा प्रवास. वेळेवर खायला न मिळाल्याने बाहेर घेतलेलं खाणं. आणि तिसरी वाट, जिचा हिशेब कोणीच धरत नाही: दमून रडणाऱ्या मुलाला गप्प करायला घेतलेल्या वस्तू. फुगा, चक्री, पिपाणी, आईस्क्रीम, पाळण्याची आणखी एक फेरी. जवळची जागा निवडली, डबा नेला आणि मूल दमायच्या आत परत फिरलात, तर तिन्ही वाटा बंद होतात. (फुगा तर या वयात घेऊच नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर घशात चिकटून श्वास अडकतो.)

जागांची यादी मागितलीत, पण ती तुमच्या मुलाच्या आवडीतून निघायला हवी. त्याला चाकं आवडतात का? मग बसमध्ये बसणं हीच सहल. खिडकीची जागा मिळेल अशा वेळी पहिल्या थांब्यावर चढायचं, शेवटच्या थांब्यावर उतरून पाय मोकळे करायचे, परत यायचं. अनेक ठिकाणी या वयाच्या मुलांना तिकीट पडत नाही, पण नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या. सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असू शकतात, तेही बघा. त्याला यंत्रं आवडतात? सुट्टीला बांधकामं बंद असतात, जेसीबी रस्त्याच्या कडेला शांत उभा असतो. कुंपणाबाहेरून, हात धरून, तो कितीही वेळ बघू दे. पाणी आवडतं? बागेत नळी लावून झाडांना पाणी घालतात ती वेळ माळ्याला विचारून ठेवा.

गेल्या सुट्टीला मी नातीला घरापासून पंधरा मिनिटांवरच्या बागेत नेलं. झोक्यांपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. फाटकाच्या आत माळ्याची नळी गळत होती आणि पायवाटेवर पाण्याची बारीक धार वाहत होती. ती उकिडवी बसली. एक वाळकं पान धारेत ठेवलं. ते वाहत गेलं, खडीच्या एका दाण्याला अडलं, स्वतःभोवती फिरलं आणि सुटलं. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा पानाकडे. मग दुसरं पान आणलं, हिरवं. ते बुडाच्या बाजूने ओलं होऊन जमिनीला चिकटून बसलं, हलेचना. तिने ते बोटाने ढकललं, उचललं, उलटं ठेवलं. वाळकं वाहतं, हिरवं चिकटतं, हे कळायला तिला चाळीस मिनिटं लागली आणि त्या चाळीस मिनिटांत तिला माझी एकदाही गरज पडली नाही. तुमच्या मुलाचे खडे यातलेच. पुढच्या सुट्टीला सरळ खडे असतील अशा मोकळ्या, वाहनं नसलेल्या जागी जा आणि सोबत एक रिकामा डबा न्या.

प्रश्न: नमस्कार ताई. माझी पत्नी परिचारिका आहे, सार्वजनिक सुट्टीला तिची ड्युटी हमखास लागते. मुलगी एकोणीस महिन्यांची. सुट्टीचा पूर्ण दिवस ती आणि मी. बाहेर न्यायची इच्छा आहे, पण एकट्याने जमेल का, मध्येच शी केली तर, रडून उठली तर, या धास्तीने घरातच बसतो.

जमेल. पहिल्यांदा फक्त पाऊण तास जा. खरंच तेवढंच. घराजवळच्या बागेत जाऊन परत. दुसऱ्यांदा दीड तास. तुमचा हात बसला की धास्ती आपोआप ओसरते.

पिशवी खांद्याला अडकवायची असू दे, दोन्ही हात मोकळे राहायला हवेत. माझ्या पिशवीत काय असतं ते सांगते: दोन डायपर, ओल्या पुसण्यांचं पाकीट, घाणेरडे कपडे बांधून ठेवायला जाड प्लॅस्टिकची पिशवी, एक पूर्ण कपड्यांचा जोड, एक जुनं मऊ धुतलेलं कापड, पाण्याची बाटली, डबा, टोपी. ते जुनं कापड सगळ्यांत कामाचं. जमिनीवर अंथरून डायपर बदलता येतो, ऊन अडवता येतं, झोप आली तर पांघरायला होतं आणि घरचा वास असल्याने मूल त्यात शांत होतं.

बाबांसाठी एक अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल मला राग येतो. सार्वजनिक ठिकाणी बाळाचे कपडे बदलायची सोय असलीच तर ती पुष्कळदा फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात असते. जणू बाप मुलाला बाहेर नेतच नाहीत. त्यामुळे पहिल्या पाऊण तासाच्या फेरीत एवढं बघून ठेवा: स्वच्छतागृह कुठे आहे, तुम्हाला आत मुलीला घेऊन जाता येतं का, आडोशाचा बाक कुठे आहे. वाचनालयं आणि वस्तुसंग्रहालयं या बाबतीत बरी असतात. सोय नसेल तर तिथल्या तक्रारवहीत लिहा. तुम्ही लिहिलंत तर पुढच्या बाबाला उपयोग होईल.

रडून उठली तर उचलून घ्या, चालत राहा, हळू आवाजात काहीही बोलत राहा. लोक बघतील. बघू देत. पाच मिनिटांनी त्यांना आठवणारही नाही, तिला तुमचा खांदा आठवेल.

आणि संध्याकाळी आई दमून घरी येईल तेव्हा तिला दाखवायला मुलीच्या खिशात काहीतरी असू दे. पान, पीस, बसचं तिकीट. एकोणीस महिन्यांची मुलगी दोन-चार शब्दांत आणि हातवाऱ्यांत तिच्या दिवसाची गोष्ट सांगेल. आईला ती ऐकायला मिळायला हवी.

प्रश्न: ताई, गर्दीत मुलगा हरवेल या भीतीने मी सुट्टीला बाहेरच पडत नाही. भीती अवाजवी आहे का?

अजिबात नाही. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना सुट्टीच्या दिवशी एका प्रदर्शनाच्या गर्दीत माझं बोट सोडून गेला होता. मी पुढे धावले, लोकांच्या पायांमधून बघत, हाका मारत. सात-आठ मिनिटं असतील, अजून अंगावर काटा येतो. तो माझ्या मागे होता. आम्ही आलो त्याच वाटेवर तीसेक पावलं मागे, जमिनीतल्या लोखंडी जाळीपाशी बसून फटीतून काड्या खाली टाकत होता. त्याच्या लेखी तो हरवलेलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी हे पाळते, आणि बालवाडीच्या सहलींनाही पाळलं. आसपास पाणी असेल तर सर्वांत आधी पाण्याकडे धावायचं: तळं, हौद, कारंजं, उघडी टाकी. तिथे नाही अशी खात्री झाली की आलेल्या वाटेवर मागे वळायचं, कारण एवढं लहान मूल बहुधा कशापाशी तरी थांबलेलं असतं. एकाने शोधायचं, दुसऱ्याने जिथे चुकामूक झाली तिथेच उभं राहायचं. पहिल्याच मिनिटाला मोठ्याने ओरडून सांगायचं, ‘लाल सदरा, दोन वर्षांचा, हरवलाय.’ लाज बाळगायची नाही. दहा अनोळखी लोक तुमच्यासाठी बघायला लागतात.

निघताना मुलाचा पूर्ण उभा फोटो मोबाइलमध्ये काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत आणि चपलांसकट. गडबडीत ‘काय घातलं होतं’ ते आठवत नाही, मलाही आठवलं नव्हतं. तुमचा फोन नंबर सदऱ्याच्या आतल्या बाजूला लिहा. बाहेरून नाव लिहू नका, कारण नावाने हाक मारणाऱ्या परक्याबरोबर मूल चटकन जातं.

आता गर्दीबद्दल. पुढच्या वेळी गर्दीत गेलात तर एकदा खाली बसून बघा. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ ते ८८ सेंटीमीटर. त्याचे डोळे तुमच्या कमरेच्याही खाली असतात. तुम्हाला रोषणाई दिसते, त्याला गुडघे आणि पिशव्या. म्हणजे भीती बाजूला ठेवली तरी तिथे त्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. सुट्टीला सगळं गाव जिकडे लोटतं तिकडे सकाळी उघडल्या उघडल्या जा, नाहीतर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी जा. रोषणाई करायला माणसं शिडीवर चढून माळा बांधतात ते आदल्या दिवशी बघायला मिळतं, आणि मुलाच्या दृष्टीने शिडीवरचा माणूस फार मोलाचा.

प्रश्न: थोरली सात वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. तिला रमेल तिथे तो कंटाळतो, त्याला झेपेल तिथे ती. दोन सहली काढण्याइतके पैसे नाहीत.

एकाच जागी दोन कामं द्या. थोरलीला हातात काम हवं असतं आणि धाकट्याला मोकळीक. माती, वाळू, पाणी आणि मोडकं-तोडकं सामान असलेली जागा दोघांनाही पुरते. कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात १९४३ मध्ये सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक खेळाचं मैदान उभं राहिलं. तिथे झोके-घसरगुंड्यांऐवजी फळ्या, विटा आणि टाकाऊ सामान ठेवलं होतं. पडक्या जागी मुलं जास्त रमतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. युद्धाचे दिवस होते, पैसा कुठून येणार? पण मुलांनी तिथे रोज काहीतरी नवं उभारलं, आणि नंतर इतर देशांतही तशी मैदानं झाली.

तुम्ही घरून दोन रिकामे डबे, एक गाळणी, जुना चमचा आणि पुठ्ठ्याचं खोकं न्या. थोरली धरण बांधेल, दुकान मांडेल, धाकटा एका डब्यातली वाळू दुसऱ्यात ओतेल. तो मधूनमधून तिचं धरण मोडणार. त्यासाठी तिला आधीच एक उंच दगड किंवा बाक ‘फक्त तुझा’ म्हणून नेमून द्या, जिथे त्याचा हात पोहोचत नाही. आणि त्या दिवशी अर्धा तास तरी तुमच्यापैकी एकाने फक्त तिच्याबरोबर असावं. सात वर्षांची मुलगी ‘तू मोठी आहेस ना’ हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकते, मोजून बघा. सुट्टीला ते वाक्य नको.

पाण्याजवळ असाल तर मात्र धाकट्याच्या हातभर अंतरावर एक मोठा माणूस सतत हवा, हातात मोबाइल नसलेला. एवढी लहान मुलं काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतात आणि बुडताना आवाज होत नाही. थोरलीवर ही राखण कधीच सोपवू नका.

प्रश्न: आमचे गुडघे आता साथ देत नाहीत. नातवाबरोबर सहलीला जावं की मुला-सुनेलाच जाऊ द्यावं? – एक आजोबा

आजोबा, जा. तुम्ही आणि नातू दोघंच असे आहात ज्यांना दर पन्नास पावलांवर थांबायचं असतं. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये आपली पहिली बालशाळा काढली. लहान मूल चालण्यासाठीच चालतं, मोठ्याने आपली चाल त्याच्या चालीला जुळवावी, असं त्या आग्रहाने मांडत राहिल्या. तरण्या माणसांना ते अवघड जातं. तुम्हाला जाणार नाही. फक्त त्याला पळत जाऊन पकडायची जबाबदारी मुलावर ठेवा, तुमची जागा बाकावर, डब्याजवळ.

प्रश्न: दोन वर्षांच्या मुलीला वस्तुसंग्रहालयात नेणं म्हणजे वेळ आणि पैसे वाया घालवणं का?

एकच वस्तू बघायला नेलंत तर वाया जात नाही. आधी तुम्ही ठरवा: आज हत्ती. दगडाचा, चित्रातला, नाण्यावरचा, जिथे दिसेल तिथे हत्ती. वीस मिनिटांत बाहेर. उरलेला वेळ पायऱ्या आणि अंगण. माझ्या नातीला संग्रहालयातलं काय आवडलं विचाराल तर बाहेरच्या अकरा पायऱ्या. सहा वेळा चढली-उतरली.

वीस मिनिटांसाठी तिकीट काढणं जिवावर येतं, हे खरं. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो, १९७७ पासून तो पाळला जातो, आणि त्या दिवशी अनेक संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो. काही संग्रहालयं महिन्यातला किंवा आठवड्यातला एखादा दिवसही मोकळा ठेवतात. पण निघण्याआधी फोन करा. सार्वजनिक सुट्टीला कितीतरी संग्रहालयं बंदच असतात. बंद दारापुढे मुलीला समजावत उभं राहण्यापेक्षा तो एक फोन परवडतो.

प्रश्न: सुट्टी नेमकी कडक उन्हात नाहीतर धो धो पावसात येते. मग मोबाइल हातात देऊन दिवस ढकलावा लागतो.

उन्हाचं म्हणाल तर सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर, मधला वेळ घरात. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. घसरगुंडीवर बसवण्याआधी पत्र्याला स्वतःचा हात उपडा लावून बघा. तुम्हाला दोन क्षण ठेववला नाही तर त्याची मांडी भाजणार. आणि थांबलेल्या, बंद गाडीत मुलाला एक मिनिटही एकटं ठेवू नका. आतली हवा दहा मिनिटांत भयंकर तापते.

पाऊस पडत असेल, वारा-विजा नसतील, तर बाहेर पडा. रेनकोट, जुनी चप्पल, पंधरा मिनिटं डबकी. घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, कोरडे कपडे, काहीतरी गरम. झाली सहल. अगदीच अडकलात तर जिन्याखाली, पडवीत, मोठ्या खाटेखाली चादर टाकून ‘घर’ करा आणि जेवणाचा डबा भरून त्या घरात जेवा. घरातच डबा भरणं तुम्हाला उगीच वाटेल, पण या वयाच्या मुलासाठी तो डबा म्हणजेच प्रवास.

मोबाइलबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच म्हटलंय, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर अधिक चांगलं. पावसाचा एखादा दिवस इकडे-तिकडे झाला म्हणून स्वतःला टोचणी लावून घेऊ नका. एवढंच सांगते, की रडणं थांबवायला मोबाइल दिलात तर पुढच्या पावसाला तो आधी रडेल.

प्रश्न: ताई, नात्यातली सगळी मंडळी सुट्टीला लांब लांब जातात, फोटो पाठवतात. आम्ही मुलाला जवळच्या बागेपलीकडे नेऊ शकत नाही. तो मोठा झाल्यावर ‘तुम्ही मला कुठे नेलं नाही’ म्हणेल का? रात्री झोप लागत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मोठ्या माणसांना आपली सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. त्याआधीचं सहसा काही आठवत नाही. म्हणजे ते लांबचे डोंगर-समुद्र तुमच्या नात्यातल्या बाळांनाही आठवणार नाहीत, आठवतील त्यांच्या आईवडिलांना. त्यांनी जाऊ नये असं नव्हे. त्यांनाही सुट्टी हवी असते.

मूल त्या दिवशी काय घेतं, ते आठवणीच्या रूपात नसलं तरी वाया जात नाही. उतारावरून तोल सांभाळत यायला शिकणं, नवा शब्द, ‘मी मागे वळलो की बाबा तिथे असतात’ ही खात्री, हे सगळं जवळच्या बागेत होतं. रोज तीच बाग असेल तर आणखी चांगलं होतं. या वयाला ओळखीची जागा फार लागते. पाचव्यांदा गेल्यावरच मूल कोपऱ्यातल्या वारुळापर्यंत पोहोचतं.

फोटो तुम्हीही काढा. महिन्यातून एकदा, त्याच झाडाला टेकून, त्याच बाजूने. वर्षभराने बारा फोटो शेजारी ठेवून बघा, त्याचं डोकं खोडावर कुठून कुठे गेलंय ते दिसेल. आणि कृपा करून रात्री झोपा. सकाळी बागेत त्याला ताजे आई-बाबा हवे आहेत.

प्रश्न: मुलगा बागेत इतर मुलांशी खेळतच नाही, त्यांच्या शेजारी बसून एकटाच माती उकरतो. त्याला गट्टी जमवायला शिकवावं का? वय सव्वादोन.

नको. शेजारी बसून आपापलं खेळणं हेच या वयाचं ‘बरोबर खेळणं’. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात हा समांतर खेळ स्वतंत्रपणे नोंदवला आहे. मुलगा कुठे बसतो ते बघा. मोकळं मैदान सोडून तो दुसऱ्या मुलाच्या शेजारीच बसतोय ना? मग झालं.

प्रश्न: सगळं छान होतं, पण निघायची वेळ झाली की मुलगी जमिनीवर लोळण घेते. शेवट रडण्यात होतो आणि दिवसभराच्या आनंदावर पाणी पडतं.

हा प्रश्न एकीचाच आहे, पण उत्तर सगळ्यांना लागेल.

‘पाच मिनिटांनी जाऊ’ हे तिला कळत नाही. पाच मिनिटं म्हणजे काय, हे तिच्या जगात अजून नाही. ‘अजून तीन घसरगुंड्या’ हे कळतं. बोटं दाखवून मोजा, तीन म्हणजे तीनच, तिसरीनंतर गोड बोलण्याला भुलून चौथी नाही. ती भूक किंवा झोप लागायच्या आधी निघा. लोळण बऱ्याचदा दमणुकीची असते, हट्टाची नसते. रडली तर रडू द्या, उचलून छातीशी धरा आणि चालायला लागा. ‘अजून खेळायचं होतं ना तुला’ एवढं म्हणा. बागेचं गेट ओलांडेपर्यंत समजुतीची भाषणं नकोत, ‘घरी गेल्यावर हे देईन’चं आमिष तर नकोच. पुढच्या वेळी ते आधी मागितलं जाईल.

आणि तिला निरोप घेऊ द्या. आम्ही एकेकाला टाटा करत निघतो. माझ्या नातीचा क्रम ठरलेला आहे: आधी झोका, मग घसरगुंडी, मग माळीकाका, मग ती गळकी नळी. गेल्या आठवड्यात नळी कोणीतरी दुरुस्त केली होती. ती बराच वेळ कोरड्या पायवाटेकडे बघत उभी राहिली, खिशातून वाळकं पान काढलं, जिथे धार असायची तिथे नीट ठेवलं, त्याला टाटा केला आणि माझं बोट धरून चालायला लागली.